कोरी पाटी

चरईतल्या पत्र्याच्या शेडमध्ये
मी पाट्या रंगवायचो.
काळ्या पुठ्ठ्यावर पांढरी अक्षरं,
वर मराठी, खाली गुजराती.
'हे सुंदरी, ही तलवार आता तुझ्या पायाशी!'
पाटीमागे आणा मिळे,
उद्गारचिन्हाचे वेगळे नाहीत.

चित्रपट 'गलबताची राणी'.
फिरंगी कप्तानाची मुलगी, मराठा सरदार,
मधे खाडी आणि तोफा.
तोफा बांबूच्या, डांबर फासलेल्या.
सरदार झाला कोलशेतचा धाकू भोईर.
मिठागरात राबून तळवे फुटलेले,
म्हणून कर्णिकांनी त्याचे पाय
कधी चौकटीत घेतले नाहीत.
घोडा टांग्याचा. पाठीवरचा वळ
शेल्याखाली झाकलेला.

आणि रिबका पेणकर. जाहिरातीत मिस चंपकलता.
शनिवारी चित्रण बंद,
त्या दिवशी तिच्या घरी चूलही पेटायची नाही.
शेठ कुरकुरले की कर्णिक म्हणत,
उरलेले सहा दिवस तिच्याच चेहऱ्यावर चाललेत ना?

ऊन कमी पडलं की तिला
मिठाच्या राशींपुढे उभं करायचे.
खालून वर चढणारा तो पांढरा उजेड,
आणि फरदूनजी, कॅमेऱ्याचा दांडा फिरवत
ओठांनी मोजणारे, एक दोन, एक दोन.
फिल्मवरही मीठच असतं, चांदीचं,
असं ते मला एकदा म्हणाले.

म्हणाले म्हणजे मी पाहिलं.
पाचव्या वर्षी गोवर आला, जाताना कान घेऊन गेला.
तेव्हापासून माणसं माझ्याशी ओठांनी बोलतात,
तीही अर्धीच.
प, ब, म, तिन्हींना ओठ सारखेच मिटतात.
बाप की माप, ते पुढच्या शब्दावरून ठरवायचं.

म्हणून तलावपाळीच्या तंबूत, अख्ख्या गर्दीत,
मला एकट्याला ठाऊक होतं:
चांदण्यातल्या प्रसंगात,
भर दुपारी घेऊन निळ्या रंगात बुडवलेल्या,
सरदार विचारतो, बोंबील काय भाव गेले आज?
ती डोळ्यांत पाणी आणून, मुंग्या आहेत इथे, आटप लवकर.
मग माझी पाटी: 'जन्मोजन्मी तुमचीच!'
बायका डोळ्यांना पदर लावायच्या.
मी बोललो नाही कुणाला.
पोट माझंही पाट्यांवरच होतं.

शेवटचा प्रसंग घोडबंदरच्या बुरुजावर.
ती उडी घेणार, खाली पेंढा,
पेंढ्यापाशी मी, उगाचच.
उडीआधी ती वळली.
कॅमेऱ्याकडे नाही, जरा डावीकडे,
आणि म्हणाली,
पाटी नको.

कर्णिकांनी वाक्य दिलं होतं,
'प्राणनाथ, आता भेट स्वर्गात!'
मी पुठ्ठा काळा केला आणि तसाच दिला.
पंधरा दिवसांची मजुरी गेली.
पुठ्ठा मात्र राहिला,
दुसरा घ्यायला फिल्म उरली नव्हती.
तंबूत चार सेकंद काळोख.
कुणी संत्र्याची साल फेकली,
तबलजीचे खांदे थांबले,
मग ती हवेत दिसली.

आता वाटतं,
पाटी आणि माती ओठांवर एकच.
वारा होता त्या दिवशी,
बुरुजावरची धूळ डोळ्यांत जात असेल तिच्या.
तेवढंच असेल.

बोलपट आले.
रिबकाचा आवाज शेठना आवडला नाही, एवढं कळलं.
कसा होता ते मला कसं कळणार?
ती नर्स झाली, मग कराचीला गेली.
धाकू परत मिठागरात.
रिळं वजनावर विकली,
सोड्यात धुऊन चांदी काढून घेतली,
उरलेल्याच्या बांगड्या झाल्या म्हणे.

त्या वर्षी बाजारात आल्या होत्या तशा,
पातळ, आरपार दिसणाऱ्या.
काचेसारख्या वाजत नाहीत, कासारीण म्हणाली.
मी दोन घेतल्या.
कुणासाठी, हे तिने विचारलंही असेल,
मी तिच्या हातांकडेच बघत होतो.

घरी येऊन दिव्यापुढे धरल्या.
कोऱ्या होत्या.